डाव्या भुजेवरचा डाग

मी ड्रोन विकला तो हात थरथरू लागले म्हणून, असे माझा मुलगा पुण्यात आपल्या मित्रमंडळींना सांगतो. सांगताना तो स्वतःचा हात हवेत हलवून दाखवतो, हे मला सूनबाईंकडून कळले आहे. अंबडमध्ये मात्र दुसरीच हकीगत चालते. तिच्यात खंडेनवमीचे कुंकू आहे, माझ्या पत्नीचा भाबडेपणा आहे आणि अखेरीस एक भडका आहे. भडका कधी उडालाच नाही. ही हकीगत ज्याने रचली तो गृहस्थ माझ्या दुकानाशेजारी बसणारा अर्जनवीस. न्यायालयात येणाऱ्यांचे अर्ज लिहून देणे हा त्याचा व्यवसाय, आणि प्रत्येक अर्जात मुळात होते त्याहून थोडे अधिक रडू घालण्याची त्याला सवय. मी त्याच्याइतके कागद खर्ची घातलेले नाहीत. परंतु जे घडले ते माझ्या टेबलावर घडले, आणि म्हणून ते सांगण्याचा पहिला अधिकार माझा आहे.

न्यायालयाच्या गल्लीत माझे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. ‘होते’ हा शब्द मी आजही सहज लिहू शकत नाही. आष्टीहून, केदारखेड्याहून लोक एसटीने येत; मांडीवर रेडिओ, त्यावर टॉवेल गुंडाळलेला, जणू तापाने फणफणलेले लेकरू आणले आहे. मी मागचे झाकण काढी, आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला बोटाचा स्पर्श करी आणि कान देई. गुरगुर ऐकू आली की पुढचा भाग जिवंत आहे. नाही आली की रोग तिथेच आहे. मेलेले यंत्रसुद्धा माझ्या बोटाला काहीतरी उत्तर देत असे. पुढे लोक वस्तू दुरुस्त करीनासे झाले, फेकू लागले. दुकानात माणसे येत राहिली, ती बसायला.

अशा दिवसांत जालन्याला एका नात्यातल्या लग्नात वरातीवर कॅमेऱ्याचा ड्रोन फिरत होता. मी मान वर करून पाहत होतो. मुलगा शेजारी उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “अण्णा, हे काही आता तुमच्या हातचं राहिलं नाही. दुकान देऊन टाका आणि पुण्याला चला.”

त्याचा हेतू वाईट नव्हता असे सगळे म्हणतात. हेतूबद्दल माझा वाद नाही. माझा वाद ‘हातचं’ या शब्दाशी आहे. मोबाइलची कव्हरे विकणारा एक दुकानदार ती जागा भाड्याने मागत होता आणि मुलाने त्याच्याशी बोलणीही केली होती, हे मला ठाऊक होते. मी व्याह्यांच्या देखत सांगितले, “असाच एक, सुट्या भागांतून, माझ्या हाताने जोडून दसऱ्याच्या आत उडवून दाखवीन. न उडाला तर दुकानाची किल्ली तुझी.” व्याही हसले. शब्द मात्र दिला गेला होता, आणि मी दिलेला शब्द अर्जनवीसाच्या अर्जासारखा दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून मिळत नाही.

सामान कुरियरने आले. कोळशासारख्या काळ्या, हलक्या पट्ट्यांचा सांगाडा, चार मोटारी, प्रत्येक मोटारीचा वेग सांभाळणारी एकेक छोटी पट्टी, मधोमध बसणारा मुख्य बोर्ड, हातात धरायचा रिमोट, आणि डोळ्यांवर चढवायचा चष्मा, ज्यातून उडणाऱ्या यंत्राच्या कॅमेऱ्याला दिसते ते आपल्याला दिसते. सांगाड्याला चार फांद्या असतात. इंग्रजीत त्यांना आर्म म्हणतात, मी त्यांना भुजा म्हटले. पांढऱ्या रंगाने त्यांवर अ, ब, क, ड अशी अक्षरे काढली. मागची डावी भुजा ड.

जोडणीबद्दल कोणी शंका घेऊ नये. कथिल वितळवून तार जोडण्याला आमच्या कामात डाग देणे म्हणतात. चांगला डाग चकचकीत असतो, चिंचोक्यासारखा फुगीर नसतो, तारेला आवळून बसतो आणि ओढला तर तार तुटते, डाग सुटत नाही. चारही भुजांवरचे सगळे डाग मी भर दुपारी, दुकानाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर दिले. त्या वेळी हात थरथरत असल्याचे कोणी पाहिले असेल तर त्याने पुढे यावे. अर्जनवीस तिथेच बसून वर्तमानपत्र वाचत होता. तो मला मिस्त्री म्हणतो, कारण मला ते आवडत नाही हे त्याला ठाऊक आहे. “मिस्त्री,” तो म्हणाला, “ह्याच्यावर बसून कोर्टात जायचं का पुण्याला?” डाग देताना मी श्वासही बेताने घेतो.

यंत्र पोळ्यापर्यंत जोडून तयार झाले. माझ्या समजुतीप्रमाणे काम संपले होते. प्रत्यक्षात ते सुरूही झाले नव्हते.

कारण हे यंत्र तारा जोडल्याने चालत नाही. त्याला लॅपटॉपला जोडून सांगावे लागते की तू कोण आहेस, तुझी पुढची बाजू कोणती, तुझ्या मोटारी कोणत्या क्रमाने आहेत, रिमोटचे कोणते बटण कशासाठी आहे. मुलाचा जुना लॅपटॉप घरी होता. शिकवणारे हिंदी व्हिडिओ होते. त्यांतला निवेदक अशा घाईने बोले की जणू त्याची बस सुटत होती. त्याच्या पडद्यावर जे दिसे ते माझ्या पडद्यावर नसे. पडदा बदललेला असे, शब्द बदललेले असत, आणि मी मागे नेऊन, थांबवून, पुन्हा पाहत असे. रिमोट आणि यंत्र यांची ओळख करून द्यायलाच श्रावणातला उरलेला उत्साह संपला. ओळख झाली की दुसऱ्या दिवशी मोडे. कोणतीही तार सुटलेली नसे. मी मीटर लावून तपासत असे आणि सगळे बराबर असे. सगळे बराबर असताना यंत्र चालत नाही, ही अवस्था माझ्या संपूर्ण आयुष्यात माझ्यापुढे आली नव्हती.

आणि मग पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ येऊन बसली: ‘आर्मिंग डिसेबल्ड’.

या ओळीवरून माझी जी थट्टा झाली तिला मी इथे उत्तर देणार आहे. आर्म म्हणजे भुजा. डिसेबल्ड म्हणजे निकामी. ज्या वस्तूला चार आर्म आहेत ती वस्तू सांगते की आर्म निकामी आहे, तर शहाणा माणूस आर्म तपासेल. मी तपासल्या. पितृपक्षात नवे काम काढू नये असे पत्नीचे म्हणणे. मी तिला सांगितले की हे नवे नाही, जुन्याचीच तपासणी आहे. अ सोडवली, स्क्रू साफ केले, पुन्हा आवळली. ब, क, ड. प्रत्येक डाग भिंगाखाली पाहिला. निर्दोष डाग वितळवून पुन्हा दिले, ही गोष्ट लिहितानासुद्धा मला यातना होतात. लाल ओळ जात नव्हती. दुसऱ्या कोणाच्या दुकानात जाऊन विचारावे असे दुकानच तालुक्यात नव्हते, आणि मुलाला विचारणे म्हणजे किल्ली देणेच.

त्या दिवसांत मी जेवत नव्हतो असे पत्नी सांगते. जेवत होतो. चव लागत नव्हती एवढेच. न्यायालय सुटले, गल्ली रिकामी झाली, अर्जनवीसाने आपली पेटी उचलली, तरी मी त्या चार भुजांसमोर बसून राही. रेडिओच्या आत विचारायला जागा असते. इथे मी कशावर बोट ठेवायचे? बोर्ड तापत नव्हता, जळका वास नव्हता, गुरगुर नव्हती. एक निळा दिवा लुकलुकत होता आणि तो मला ओळखत नव्हता. एका संध्याकाळी मी त्या बोर्डाला अक्षरशः कान लावला. त्याच वेळी अर्जनवीस विसरलेला चष्मा घ्यायला परत आला. माझे कान गेले, ही तिसरी हकीगत, तीही त्यानेच पसरवलेली, तेव्हाची.

खंडेनवमीला आमच्याकडे पाट मांडून हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता ठेवतो, सुतार करवत ठेवतो. मी डाग द्यायची इस्त्री, पक्कड आणि मीटर ठेवत आलो आहे. मुलगा सणासाठी आला होता. पत्नीने हत्यारांना हळदकुंकू लावले, फुले वाहिली आणि ड्रोनपाशी येऊन थांबली.

“आवो,” तिने विचारले, “ह्ये बी शस्त्रच का? लावू का ह्याला?”

मी म्हणालो, “शस्त्र नव्हे, उपकरण.” आणि म्हणता म्हणता थांबलो.

दुकानासमोरच्या न्यायालयात आर्म्स ॲक्टचे खटले चालतात. अर्जनवीसाने माझ्या ओट्यावर बसून शस्त्र परवान्याचे किती अर्ज लिहिले असतील. ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रे, हे त्या गल्लीतल्या चहावाल्यालाही ठाऊक. शस्त्र सज्ज करणे म्हणजे आर्म करणे! यंत्र मला भुजेबद्दल सांगतच नव्हते. ते सांगत होते की मी म्यानात आहे, तुम्ही मला उपसण्याचे बटण नेमून दिलेले नाही. मी तीन आठवडे त्याचे खांदे चेपत बसलो होतो.

अर्जनवीस ही गोष्ट सांगताना माझ्या अज्ञानाचा भाग रंगवतो. मी म्हणतो की एकाच शब्दात हात आणि हत्यार दोन्ही कोंबणाऱ्या भाषेने आधी स्वतःची झाडाझडती घ्यावी. आणि अर्थ कोणी मला समजावला नाही. तो माझा मला सापडला, पाटासमोर उभ्या उभ्या.

पत्नीने तोवर ड भुजेच्या टोकाला, डागापासून बोटभर दूर, कुंकवाचे बोट ओढले होते. बोटभर दूर; हे मी मुद्दाम लिहीत आहे.

मी लॅपटॉप उघडला. व्हिडिओत आधी प्रोग्राम नवा भरून घ्या असे सांगितले होते, तोही भरला. बटण नेमले, लॅपटॉपची तार काढली, बॅटरी लावली आणि बटण दाबले. चारही मोटारी एकदम फिरल्या. मधमाश्यांचे मोहळ उठावे तसा आवाज. पत्नीने हात जोडले. मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “अण्णा, खरंच की.” हे दोन शब्द तो आता कुणाला सांगत नाही.

घरामागच्या अंगणात आम्ही गेलो. जवळच राहणारा अर्जनवीस आवाज ऐकून आला, सोबत आणखी दोघे. मी रिमोटची दांडी हळूच वर केली. यंत्र वीतभर उचलले गेले, आणि क्षणात एका कुशीवर कलंडून, उलटे होऊन, भरधाव जाऊन धुण्याच्या दगडावर आपटले. पंखे तुटले. एक निर्जीव घरघर झाली आणि थांबली.

मग अर्जनवीस बोलला. “वैनी, कुंकू वल्लं तं नव्हतं?”

पत्नीने स्वतःच्या बोटाकडे पाहिले. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही, आणि त्याबद्दल त्या माणसाला क्षमाही करणार नाही. कुंकवाने काहीही झाले नव्हते. कारण मला त्याच संध्याकाळी सापडले. मुख्य बोर्डावर एक बाण असतो, तो पुढच्या दिशेला हवा. तारा पुरत नव्हत्या म्हणून मी बोर्ड आडवा बसवला होता आणि लॅपटॉपला तसे कळवलेही होते. नवा प्रोग्राम भरला तेव्हा हे कळवलेले पुसले गेले. यंत्र आपली उजवी बाजू पुढची समजत होते. ते स्वतःला सावरायला गेले आणि सावरण्यातच उलटले.

“कारण सापडलं होतं, मग पुन्हा सांगायचं ना त्याला,” असे मुलगा आजही म्हणतो. मी सांगायला बसलो होतो. लॅपटॉपला तार लावली. बोर्ड दिसेना. दुसरी तार लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. निळा दिवा आता लुकलुकतही नव्हता. मीटर लावले, वीज पोहोचत होती, सगळे बराबर होते. दसऱ्याची सकाळ झाली तरी बराबरच होते. सांगायचे काय ते मला पक्के ठाऊक होते, आणि ऐकणारा कोणी नव्हता. नखाएवढ्या काळ्या चिपच्या आत काय तुटले ते जगातल्या कोणत्याही भिंगातून दिसत नाही, कोणत्याही बोटाला कळत नाही. नवा बोर्ड मागवायला दिवस लागतात. माझ्याकडे दिवस नव्हता. होता तो दसरा.

सायंकाळी सीमोल्लंघन करून मुलगा आपट्याची पाने घेऊन आला, पाया पडला आणि “सोनं घ्या, अण्णा,” म्हणाला. मी त्याच्या हातावर माझी पाने ठेवली. पानांखाली दुकानाची किल्ली होती.

त्याने ती परत घ्या म्हणून खूप विनवण्या केल्या, असे तो सांगतो. पुण्याच्या मित्रांना हा भाग फार भावतो म्हणे. तो एकदा म्हणाला, “अण्णा, किल्ली राहू द्या.” एकदाच, आणि तो हे म्हणाला त्याच्या आधी त्याची मूठ मिटलेली होती. मी त्याला दोष देत नाही. मी फक्त मुठीचे सांगतो.

दुकान रिकामे करताना ड्रोनचे सामान विकायला काढले. पत्नीच्या मोबाइलवरून जुन्या वस्तूंच्या बाजारात मी शुद्ध मराठीत जाहिरात दिली: ‘हौशी ड्रोनचे सुटे भाग, चष्मा व रिमोटसह. जोडणी निर्दोष. मुख्य बोर्ड मूक.’ ‘मूक’ या शब्दाचा अर्थ विचारणारे बरेच निघाले. एकाने विचारले, कापसावर फवारणी करतो का. एकाने विचारले, काका, बारशाची शूटिंग घेता का. एकाने केवळ हात जोडल्याचे चित्र पाठवले, त्याचा अर्थ मला अद्याप लागलेला नाही.

शेवटी आष्टीहून एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा गृहस्थ एसटीने आला. चाळिशीचा, मेंदी लावलेली दाढी, बोलण्यात अदब. सलाम करून त्याने सामान हातात घेतले, एकेक वस्तू उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, “चचा, माल तो अच्छा है. फिर बेचते कायकू?”

माझ्याआधी अर्जनवीस बोलला. “आता हात चालत न्हाईत त्यांचे. थरथरून राह्यलेत. वय झालं.”

पाहुण्याने माझ्याकडे पाहिले. त्याने अंगठा आणि बोटात ड भुजेवरची तार धरली आणि ओढली. जोराने ओढली; त्याच्या मनगटाची शीर दिसली. मग दुसरी ओढली. मग तिसरी.

“ये डाग किसने दिये?” त्याने विचारले.

“मी.”

त्याने अर्जनवीसाकडे वळून अत्यंत नम्रपणे म्हटले, “आपका हात कैसा है, मुन्शीजी? जरा दिखाव.”

अर्जनवीसाने वर्तमानपत्र उघडले. दुकानात मी हसलो तो तेवढ्यापुरता. परंतु हसण्याने किल्ली परत येत नसते. पाहुण्याने भावात घासाघीस केली नाही, सामान माझ्याच जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले आणि तो बसस्थानकाकडे गेला. वस्तू त्या टॉवेलात माझ्या दुकानाबाहेर जाताना मी आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण त्या बऱ्या होऊन जात. ही तशीच गेली. मी पायरीवर उभा होतो. आत भिंतीवर जिथे रेडिओंची फळी होती तिथे चुन्याचा पांढरा पट्टा राहिला होता.

आता त्या जागेत मोबाइलची कव्हरे लटकतात. मी घरी असतो. पुण्याला गेलेलो नाही. शब्द किल्लीचा होता, माझ्या जाण्याचा नव्हता. अर्जनवीस अजून त्याच ओट्यावर बसतो आणि भाजी आणायला निघालो की हाक मारतो. मी थांबत नाही.

दिवाळीनंतर पत्नीच्या फोनवर आष्टीहून एक व्हिडिओ आला. सोबत सामान नेलेल्या त्या पाहुण्याचा आवाज होता: “चचा, सिर्फ बोर्ड बदल्या, बाकी सब आपकाच है. कुंकू भी पोछ्या नई. घरवालों का लगाया हुआ है.” पडद्यावर मोसंबीच्या बागा, विहीर, एक पांढरा रस्ता, त्यावर मुंगीएवढी बस. मग यंत्र जमिनीवर उतरताना कोणीतरी दुसऱ्या फोनवर घेतलेले चित्र. पंखे थांबले. चार भुजा, चार अक्षरे.

माझी पत्नी सर्वांना सांगते की तो व्हिडिओ पाहून मी खूश झालो, पुन्हा पुन्हा लावून पाहिला, डोळ्यांत पाणी आले. पुन्हा पुन्हा पाहिला हे खरे. बाकीचे तिचे आहे. मी मोसंबीच्या बागा पाहत नव्हतो. चित्र बोटांनी मोठे करून मी ड भुजा पाहत होतो. कुंकवाचे बोट फिकट झाले होते. त्याच्यापासून बोटभर अंतरावर माझा डाग होता. इतक्या उड्डाणांनंतर त्याला तडा गेला आहे की नाही, एवढेच मला पाहायचे होते. गेलेला नव्हता. मी फोन तिच्याकडे दिला आणि माझे हात मांडीवर ठेवले. ते स्थिर होते, आणि त्यांना करायला काही नव्हते.